शस्त्रानं गेलेल्यांची तिथी

सप्टेंबरच्या पानावर १७ तारखेच्या चौकोनात 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' असं छापलेलं असतं. त्याच पानावर, किंवा अधिक महिना येऊन गेलेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पानावर, भाद्रपद वद्य चतुर्दशीखाली बारीक अक्षरांत आणखी एक नोंद असते : शस्त्रादिहत पितृश्राद्ध. पितृपंधरवड्यात ज्याचं त्याचं पान ज्याच्या त्याच्या तिथीला वाढतात. पण जो शस्त्रानं गेला, घातानं गेला, अवेळी गेला, त्याची मृत्यूची तिथी कोणतीही असो, त्याचं पान चतुर्दशीला. घातचतुर्दशी, घायाळ चतुर्दशी अशीही तिची नावं आहेत. थेट याज्ञवल्क्यस्मृतीत ही चतुर्दशी शस्त्रानं मारल्या गेलेल्यांसाठी राखून ठेवलेली आहे. म्हणजे रणात पडलेल्यांसाठी वर्षातला एक दिवस बाजूला काढायचा, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

या दोन नोंदी मी गेली बरीच वर्षं शेजारी शेजारी वाचते आहे. माझ्या माहेरी दोन्ही पाळल्या जायच्या. सकाळी शाळेच्या पटांगणात झेंडा, आणि मागेपुढे कधीतरी स्वयंपाकघरात कढी, वडे, खीर, गवारीची नि भोपळ्याची भाजी. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं कुणी कधी बोललं नाही. मला मात्र तो संबंध आहे असं वाटतं. पहिल्या दिवसात जे राहून जातं, ते दुसऱ्यात सापडतं.

जगात असे दिवस कसे सुरू झाले ते शोधून बघितलं, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सरकार मागून येतं. आधी माणसं थडग्यांपाशी जातात. अमेरिकेत यादवी युद्ध संपलं १८६५ साली. चार्ल्सटन शहरातल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात युद्धकैद्यांचा तळ होता. तिथं मेलेल्या २५७ उत्तरेकडच्या सैनिकांना घाईघाईनं एकत्र पुरून टाकलेलं. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या काळ्या माणसांनी ती प्रेतं उकरून काढली, एकेकाला वेगळी जागा दिली, भोवती कुंपण घातलं, आणि १ मे १८६५ रोजी हजारोंच्या संख्येनं फुलं घेऊन तिथं गेली. पुढच्याच वर्षी मिसिसिपी राज्यातल्या कोलंबस गावच्या बायकांनी आपल्या दक्षिणेकडच्या सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहिली, आणि शेजारच्या उत्तरेकडच्या, म्हणजे शत्रूच्या, थडग्यांवरही वाहिली. अशा गोष्टी ठिकठिकाणी घडत होत्या. मग १८६८ साली जनरल जॉन लोगन यांनी माजी सैनिकांच्या संघटनेतर्फे ३० मे हा दिवस देशभर पाळण्याचं आवाहन केलं. आज तो मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येतो, त्याला मेमोरियल डे म्हणतात, आणि तो राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे. युरोपात ११ नोव्हेंबरचं तसंच झालं. १९१८ साली त्या दिवशी सकाळी अकरा वाजता पहिलं महायुद्ध थांबलं. पुढच्या वर्षीपासून ब्रिटनमध्ये दोन मिनिटं शांतता पाळू लागले, आणि १९२० मध्ये लंडन आणि पॅरिसमध्ये एकेका अनोळखी सैनिकाला देशाच्या मानानं पुरलं. आपला मुलगा, नवरा, भाऊ कुठं पडला हे ज्यांना कधीच कळलं नाही, त्या घरांना डोकं टेकवायला ती जागा झाली.

कोलंबसच्या त्या बायकांचा विचार माझ्या मनातून जात नाही. युद्ध संपून वर्षच झालेलं. घरात पांढऱ्या कपाळाच्या लेकी-सुना. आणि तरी हात शेजारच्या थडग्याकडं वळला.

आपल्याकडे थडगी नाहीत. देह जाळतात, राख गोदावरीत जाते. फुलं कुठं वाहायची, हा आपला प्रश्न वेगळा आहे, आणि आपल्या दिवसाचा जन्मही वेगळा आहे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत, मुंबईत, सोलापुरात तिरंगा चढला. आमच्याकडे तो लावणं हा गुन्हा होता. हैदराबाद संस्थान सुमारे ८२ हजार चौरस मैलांचं, सोळा जिल्ह्यांचं. त्यातले पाच जिल्हे मराठी : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. निजाम मीर उस्मान अली खान यांना भारतात यायचं नव्हतं. स्टेट काँग्रेसनं स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली ७ ऑगस्ट १९४७ ला भारतात सामील होण्याची मागणी करणारा दिवस पाळला, आणि पंधराला स्वामीजी तुरुंगात होते. अंबाजोगाईच्या शाळेत मुलांना शिकवणारा हा संन्यासी. त्यांची मुलं गावोगाव पसरली. शिंदीची झाडं तोडायची, म्हणजे निजामाचा महसूल तोडायचा. करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी जाळायची. सरहद्दीपलीकडे, सोलापूर-बार्शीच्या बाजूला, उमरखेडच्या बाजूला, कॅम्प उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ ला, ज्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या लागल्या त्याच दिवशी, नांदेडकडच्या उमरीत कार्यकर्त्यांनी बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. दुसऱ्या बाजूला रझाकार, निजामाच्या राजवटीसाठी लढणारी हत्यारबंद संघटना. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा. आमच्याकडची म्हातारी माणसं त्या सगळ्या काळालाच 'रझाकारी' म्हणायची. दुष्काळाची सालं लक्षात ठेवावीत तसा तो काळ त्यांच्या बोलण्यात होता. "रझाकारीच्या आदल्या साली ही विहीर खांदली," असं.

मग १३ सप्टेंबर १९४८. भारतीय फौजा चारी दिशांनी संस्थानात शिरल्या. मुख्य फळी मेजर जनरल जयंतो नाथ चौधरींच्या हाताखाली सोलापूरकडून, हमरस्त्यानं, नळदुर्गावरून. कागदोपत्री नाव ऑपरेशन पोलो, लोकांच्या तोंडी पोलीस ॲक्शन. १७ तारखेला संध्याकाळी निजामानं युद्धबंदी जाहीर केली, १८ ला त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी शरणागती दिली. म्हणून आपला दिवस सतरा.

ही तारीख बंदुका थांबल्याची आहे. आनंदाची आहे, आणि तो आनंद खरा आहे. माझ्या आजीला विचारलं होतं, त्या दिवशी तुम्ही काय केलं? ती म्हणाली, "काय करायचंय? जवा कळलं तवा दार उघडं टाकून झोपलो." एवढं एक वाक्य मला मुक्तीचा अर्थ सांगायला पुरतं. पण जी माणसं त्या सतरा तारखेपर्यंत पोचली नाहीत, त्यांचं काय?

माझे धाकटे आजोबा, म्हणजे आजोबांचे सख्खे भाऊ, त्यांतले एक. ४८ च्या उन्हाळ्यात खळ्यावरची ज्वारी राखायला गेले, ते परत आले नाहीत. कॅम्पात ते नव्हते, पक्षात नव्हते, त्यांनी कुठं झेंडा लावला नव्हता. रात्री धान्य न्यायला माणसं आली, आणि हे आडवे झाले. वय विशीच्या आतबाहेर. लग्न ठरत होतं. त्यांचं नाव कोणत्याही यादीत नाही, ताम्रपटात नाही, आणि ते असायला हवं होतं असं आमच्या घरात कुणी म्हटल्याचंही मला आठवत नाही. आजीनं मात्र मरेपर्यंत चतुर्दशीचं पान चुकवलं नाही. "भावजीचं पान," म्हणायची. आधी त्यांचं वाढायची, मग लेकरांना.

मराठवाड्यात सतरा सप्टेंबरला सकाळी काय होतं, ते इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. छत्रपती संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी मुख्यमंत्री येतात, पुष्पचक्र, पोलिसांची मानवंदना, झेंडा. जिल्ह्याजिल्ह्याला पालकमंत्री. शाळांमध्ये प्रभातफेरी. नांदेडचं विद्यापीठ १९९४ साली मुद्दाम याच तारखेला सुरू झालं आणि त्याला स्वामीजींचं नाव आहे, याचा मला अभिमान वाटतो. अमृतमहोत्सवी वर्षात तर गावोगाव कार्यक्रम झाले. हे सगळं व्हायलाच पाहिजे. ज्या प्रदेशाला स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा मिळालं, त्यानं आपला दिवस स्वतंत्रपणे साजरा करावा, यात गैर काय?

पण भाषणं ऐकताना माझं लक्ष नावांकडं असतं. भाषणात स्वामीजी येतात, गोविंदभाई श्रॉफ येतात, सरदार पटेल येतात. ही मोठी माणसं लढ्यातून वाचली, पुढे जगली. जे मेले त्यांना 'असंख्य ज्ञात-अज्ञात हुतात्मे' या चार शब्दांत गुंडाळतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडं जातो. ज्ञात आहेत ना, मग त्यांची नावं घ्या. उमरगा तालुक्यातल्या गुंजोटीचे वेदप्रकाश, आर्य समाजाचे, १९३८ मध्येच मारले गेले. उदगीरचे श्यामलाल, त्याच साली बिदरच्या तुरुंगात गेले. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ १९४६ साली गोविंदराव पानसरे यांना गाठून मारलं. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे लढता लढता पडले. यांच्या नावाची शाळा-कॉलेजं आहेत, त्यामुळे नाव निदान पाटीवर तरी रोज दिसतं. पाटीखालून रोज ये-जा करणाऱ्या मुलांना विचारलं, की हे कोण होते, तर 'स्वातंत्र्यसैनिक' एवढंच उत्तर येतं. कुठं पडले, कशासाठी पडले, बरोबर कोण होतं, हे कुणी सांगितलेलंच नसतं त्यांना.

तशीच गत नळदुर्गाची. आमच्या गावापासून जवळ. बोरी नदीला पाणी आलं की किल्ल्यातल्या पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळायला लागतात आणि सोलापूर, लातूर, हैदराबादेहून गाड्या येतात. ऐन सप्टेंबरात तिथं पाय ठेवायला जागा नसते. याच परिसरात १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे चार वाजता दुसऱ्या शीख पलटणीची एक कंपनी हल्ल्याला निघाली होती. तिच्यातल्या एका प्लाटूनचे म्होरके हवालदार बचित्तर सिंग, पंजाबातल्या लोपो गावचे. ठाण्याकडं भरधाव येणाऱ्या दोन गाड्या त्यांना दिसल्या. गोळीबाराची पर्वा न करता ते धावून गेले आणि दोन्ही गाड्या माणसांसकट ताब्यात घेतल्या. पुढं खंदकात पक्की बसलेली एक चौकी होती. ती तीसेक यार्डांवर आली असताना मशीनगनच्या गोळ्या त्यांच्या मांडीत घुसल्या. ते पडले. पडल्यावर सरपटत पुढं गेले, दोन हातबॉम्ब टाकून ती चौकी बंद पाडली. जखमी असून मागं जायला नकार दिला, माणसांना पुढं ढकलत राहिले, आणि तिथंच संपले. पुढं १९५२ मध्ये अशोक चक्र सुरू झालं, तेव्हा त्याच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत त्यांचं नाव होतं, मरणोत्तर.

मी ही हकिगत धबधबा बघायला आलेल्या कितीतरी जणांना सांगितली आहे, आमच्या नात्यातल्या पोरांना, शाळेच्या सहलीबरोबर आलेल्या मास्तरांना. आधीपासून ठाऊक असलेलं मला अजून कुणी भेटलेलं नाही. त्यांना दोष कसा द्यायचा? सांगितलं असतं तर कळलं असतं. पंजाबातलं एक पोरगं. स्वतःचा पंजाब वर्षापूर्वीच फाळणीत जळालेला. ते इथं, ज्वारीच्या मुलखात, ज्या माणसांची भाषा त्याला कळत नव्हती त्यांच्यासाठी येऊन पडलं. नळदुर्ग ही त्याची मरणभूमी आहे, म्हणजे तो आमचाही माणूस आहे. त्याचं पान कुणी वाढायचं?

आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे तीन वीरगळ आहेत. मराठवाड्यात असे दगड ठायी ठायी दिसतात : वेशीजवळ, तळ्याच्या काठी, पडक्या हेमाडपंती देवळांच्या आवारात. चालुक्य-यादवांच्या काळात लढून मेलेल्या माणसासाठी गावानं उभारलेला दगड. खालून वर वाचायचा. सगळ्यांत खालच्या पट्टीत तो माणूस, हातात ढाल-तलवार, समोर हल्लेखोर. पुष्कळ ठिकाणी बाजूला गाईगुरं कोरलेली असतात, म्हणजे हा गावचं गोधन राखताना मेला. कधी तो आडवा पडलेला दाखवतात. वरच्या पट्टीत अप्सरा त्याला घेऊन निघाल्या आहेत. त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, कारण ते असेतो याची कीर्ती राहणार. शेजारी एखादा दगड बांगड्या घातलेल्या हाताचा असतो, तो त्याच्यामागं सती गेलेल्या बाईचा. तो बघताना माझा जीव गोळा होतो, आणि त्या प्रथेचं कौतुक मला कधीच करता येणार नाही.

बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. कोण होता ते हरवलं, काय केलं ते मात्र हजार वर्षांनी दगडात जसंच्या तसं दिसतं. आपल्या स्मृतिस्तंभांचं बरोबर उलटं आहे. तिथं नावांची ओळ आहे, आणि त्या माणसानं काय केलं ते कुठंच नाही. दोन्हींतून अर्धा अर्धा माणूस उरतो.

वीरगळात मला आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. तो दगड राजाचा नाही. राजे कधी जिंकले, कधी हरले, त्याच्याशी दगडाला कर्तव्य नाही. ज्या लढाईत हा मेला ती जिंकली की हरली, हेही तिथं दिसत नाही. माणूस राखायला उभा राहिला आणि राखताना मेला, एवढं गावाला पुरलं. या मापानं मोजलं तर खळ्यावर आडवे झालेले माझे धाकटे आजोबा त्या दगडाच्या खालच्या पट्टीत सहज बसतात. यादीत त्यांना जागा नव्हती, दगडात असती.

आता जे लिहायचं आहे ते आमच्याकडे मोठ्यानं बोलत नाहीत. १९४८ साली सतरा सप्टेंबरला गणपती उठायला आले होते, आणि त्याच्या मागोमाग पितृपंधरवडा लागला. त्या पंधरवड्यात आणि पुढच्या दिवसांत मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मुसलमानांची कत्तल झाली. रझाकारांनी जे केलं होतं त्याचा सूड, रझाकार नसलेल्यांवर. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. काझी अब्दुल गफार आणि मौलाना मिस्री तिच्यात होते. त्यांनी गावोगाव फिरून अहवाल दिला, तो कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मेली, असा त्यांचा अंदाज आहे. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे त्यांनी नावानिशी सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. त्यांतले दोन आपले.

आजी दार उघडं टाकून झोपली, त्याच आठवड्यांत आमच्या जिल्ह्यातली कितीतरी दारं आतून कड्या लावून जागी होती. हे दोन्ही खरं आहे. पहिलं सांगताना दुसरं दाबलं, तर मेलेल्यांच्या दिवसाला काही अर्थ राहत नाही असं मला वाटतं. यानं रझाकारांचे गुन्हे हलके होत नाहीत आणि मुक्तिसंग्रामाचं तेज कमी होत नाही. स्वामीजींच्या लढ्यात, निजामाच्या राजवटीविरुद्ध, मुसलमान माणसंही उभी होती. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबादनं भारतात यावं असं लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना हैदराबाद शहरात मारलं. संस्थान मुक्त व्हायला जेमतेम महिना उरला होता. तो माणूस आपल्या सतरा तारखेचा हुतात्मा नाही, असं कोण म्हणेल?

आणि सुंदरलाल अहवालात दुसऱ्या बाजूचीही एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना स्वतःच्या जिवावर उदार होऊन वाचवलं. विशेषतः विणकरांचा उल्लेख आहे : हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदूंच्याच जमावापासून राखलं, आणि राखताना त्यांच्यातले काही मेले. मागांवर शेजारी शेजारी बसणारी माणसं. त्यांना कोणत्या सरकारनं हुतात्मा म्हटलं? त्यांचा दगड कुठं आहे? राखायला उभा राहिला आणि राखताना मेला, या वीरगळाच्या व्याख्येत त्यांच्याइतकं चपखल मला दुसरं कुणी दिसत नाही.

या एका तारखेला आज चार ठिकाणी चार परींनी पाळतात. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये अधिसूचना काढून ती हैदराबाद मुक्ती दिन म्हणून ठरवली, तेलंगणात सरकार बदललं तसं दिवसाचं नाव बदललं, कर्नाटकात तो कल्याण कर्नाटकाचा उत्सव झाला. हा वाद राजकारणाचा आहे, तो चालत राहील. मला त्यात शिरायचं नाही. मला मेलेल्यांबद्दल बोलायचं आहे, आणि त्यांना या नावांनी फरक पडत नाही.

गावाला अजून दगड हवा असतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. आमच्या भागातलं एखादं पोरगं सैन्यात असताना जातं. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी घेऊन लष्कराचा ट्रक फाट्यावर येतो. पंचक्रोशीतली माणसं आधीपासून रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी असतात, बायका पदर तोंडाला लावून, शाळेची पोरं हातात कागदी झेंडे घेऊन. 'अमर रहे'च्या घोषणा. शेतातच अंत्यसंस्कार, बंदुकांच्या फैरी, आणि आईच्या हातात घडी केलेला झेंडा. मग वर्षभरात वर्गणी निघते आणि वेशीजवळ अर्धपुतळा उभा राहतो. सरकारी आदेशाची वाट कुणी बघत नाही. गावाच्या हाताला हे काम हजार वर्षांपासून ठाऊक आहे. पुतळ्याखाली नाव असतं, जन्मतारीख, वीरमरणाची तारीख, ठिकाण. मला त्या शिळेवर आणखी चार ओळी हव्या असतात : तो तिथं काय करत होता, कुणाला राखत होता. वीरमातेला, वीरपत्नीला विचारलं तर त्या सांगतात. बरोबरच्या जवानांनी घरी येऊन त्यांना सगळं सांगितलेलं असतं. ते फक्त दगडापर्यंत पोचत नाही. आणि पुतळ्याला हार पडतो तो वर्षातून दोन-तीनदा. तिचा मुलगा मात्र तिला रोज आठवतो, म्हणून हार आणताना तिच्या घराचं दारही वाजवावं.

यंदा आमच्या गावात सतरा सप्टेंबरला झेंडावंदनानंतर नावं वाचायची, असं ठरलं आहे. मी मागच्या ग्रामसभेत विषय मांडला होता. प्रत्येक नावाबरोबर दोन वाक्यं : कुठं पडला आणि काय करत होता. सातवीची मुलं वाचणार आहेत. पहिला भाग सोपा होता : गुंजोटी, उदगीर, अर्जापूर, वापटी. बचित्तर सिंगांचं नाव घ्यायला सगळे एका पायावर तयार झाले, निवृत्त झालेल्या एका फौजी काकांनी तर त्यांच्या पराक्रमाची माहिती स्वतः लिहून काढायचं कबूल केलं. धाकट्या आजोबांचं नाव मी सुचवलं नव्हतं, ते भावकीतल्या एका काकांनी सुचवलं. मग आणखी तीन घरांतून तशीच नावं आली, कुणी विहिरीवर गेलेला, कुणी निरोप घेऊन निघालेला. त्यांतलं एकही नाव मी आधी ऐकलं नव्हतं.

अडलं ते शेवटच्या भागावर. पोलीस ॲक्शननंतर आमच्या गावातून दोन मुसलमान घरं संपली आणि एक निघून गेलं. त्यांची नावं वाचायची का? एक जण म्हणाले, ती लढ्यातली माणसं नव्हेत. खरं आहे. दुसरे म्हणाले, मग खळ्यावरचा पोरगा तरी कुठं लढ्यात होता? बराच वेळ बोलणं झालं, आवाजही चढले. गावातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारायचं ठरलं. त्यांनी त्या दोन घरांतल्या माणसांची टोपणनावं सांगितली. खरी नावं त्यांना आठवेनात, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "टोपणनावानं वाचू नका. नीट इचारून घ्या."

जे घर निघून गेलं त्यांचे नातू सोलापुरात असतात असं कळलं आहे. त्यांच्याशी फोनवर एकदा बोलणं झालं. आधी ते गप्प राहिले, मग म्हणाले, घरी विचारून सांगतो. त्यांनी नको म्हटलं तर वाचायची नाहीत, हो म्हटलं तर त्यांनी दिलेली नावं, त्यांनी सांगितलेल्या शब्दांत वाचायची आणि त्यांना बोलवायचं, असं ग्रामसभेनं मान्य केलं आहे. चतुर्दशीला आमच्या घरी पान वाढलं जाईलच. भावजींच्या पानाशेजारी यंदा दुसरंही एक वाढायचं, असं वहिनीनं आणि मी ठरवलं आहे, नळदुर्गात पडलेल्या हवालदारासाठी. सतरा तारखेच्या कार्यक्रमपत्रिकेत भाषणांना ठेवलेला अर्धा तास नावांना द्यायला सरपंच राजी झाले आहेत.